पंधरा मीटरची कॉइल आणि चमचाभर तेल: घरच्या भट्टीच्या कंडेन्सरचं एक प्रकरण

कुडाळपासून थोडं आत माझ्या चुलतभावाचं घर आहे आणि वहिनीचा घरगुती साबणांचा छोटासा धंदा आहे. साबणात घालायला गवती चहाचं तेल बाहेरून विकत आणायची, ते महाग पडायचं आणि त्यात भेसळ किती हे देव जाणे. परड्यात गवती चहा मात्र माजलेला. म्हणून तिने ठरवलं की घरीच तेल काढायचं, त्यासाठी पंचवीस लिटरचं स्टीलचं पातेलं घेतलं, आत जाळी ठेवली, झाकणाला भोक पाडून निपल (नळी जोडायचा तुकडा) बसवला आणि गावातल्या फ्रीजवाल्या मेकॅनिककडून तांब्याची कॉइल करून घेतली. हीच कॉइल म्हणजे कंडेन्सर, गवतातून तेल घेऊन येणारी वाफ हिच्यात गार होऊन परत पाणी होते. दोन सूत (म्हणजे पाव इंची) पाईप, पूर्ण पंधरा मीटर. रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या बादलीत ती कॉइल बसवली, बादलीत पाणी, आणि खाली काचेची बाटली.

चालू केल्यावर सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं सगळं छान, मग बाटलीत येणारं पाणी कोमट, मग गरम, मग पाईपच्या तोंडातून फट-फट करत वाफ आणि पाणी एकत्र उडायला लागायचं. झाकणाला लावलेली कणीक सुटायची आणि तिथूनही वाफ. बाटलीतलं पाणी दुधासारखं पांढरट, वर तेलाचा जेमतेम चमचाभर थर, चार किलो गवतातून! घर मात्र असं घमघमायचं की रस्त्यावरचा माणूस विचारत यायचा काय चाललंय म्हणून. वहिनीचा फोन आला तेव्हा तिचं पहिलं वाक्य हेच होतं, "भावजी, वास येता घरभर, पण तेल खय गेला?"

उत्तर तिच्या प्रश्नातच होतं. वास घरभर येतोय म्हणजे तेल घरभर जातंय. भट्टी नीट चालत असेल तर घरात वास बेताचाच यायला हवा.

आता जो तो सल्ला देत होता की कॉइल कमी पडतेय, अजून पाईप जोडा. मेकॅनिक तर आणखी दहा मीटर टाकायला तयारच होता. मी गेलो तो एकच गोष्ट मनाशी धरून, पाईप वाढवायच्या आधी वाफ किती तयार होतेय ते मोजायचं. कारण कंडेन्सर शेवटी काय करतो, उष्णता एकीकडून काढून दुसरीकडे देतो, आणि किती उष्णता काढायचीय हेच माहीत नसेल तर पंधरा मीटर काय आणि पन्नास मीटर काय.

पुढे जायच्या आधी एक गोष्ट, कारण कंडेन्सर आणि भट्टी म्हटलं की लोक डोळा मारतात. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू गाळणं तर गुन्हा आहेच, त्यासाठी भट्टी उभारणं आणि बाळगणं हाही गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी उघड्या गॅसच्या ज्योतीवर दारूची वाफ म्हणजे आगीला आमंत्रण. इथे जे लिहितोय ते पाण्याच्या वाफेवर तेल आणि अर्क (तेलाबरोबर येणारं सुवासिक पाणी) काढण्याबद्दल, तेवढंच.

तर मोजमाप. गवत न घालता पातेल्यात मोजून नुसतं पाणी घेतलं, झाकण, कणीक, सगळं नेहमीसारखं, गॅस वहिनी ठेवते तसाच मोठा. पाणी उकळायला लागल्यापासून तासभर चालवलं. पातेल्यातलं पाणी साधारण १.८ लिटरने कमी झालं आणि बाटलीत आलं १.३ लिटर. उरलेलं अर्धा लिटर हवेत गेलं, काही पाईपच्या तोंडातून, काही कणकेतून. ही चाचणी कुणीही करू शकतं, खर्च शून्य, आणि तिच्यातून दोन आकडे मिळतात, एक नुकसान किती आणि दुसरा त्याहून महत्त्वाचा, उष्णता किती.

कारण एक किलो पाण्याची वाफ परत पाणी व्हायला जवळपास २२५७ किलोज्यूल उष्णता बाहेर टाकते. वर ते शंभर अंशांचं पाणी पस्तीसपर्यंत थंड करायचं तर आणखी २७० किलोज्यूल. म्हणजे किलोमागे अडीच हजार धरा. तासाला १.८ किलो वाफ, म्हणजे तासाला साडेचार हजार किलोज्यूल, म्हणजेच सव्वा किलोवॅटच्या आसपास. एक छोटा गीझर सतत त्या बादलीत चालू आहे असं समजा.

आता बादली. वीस लिटर पाणी, एप्रिलमध्ये विहिरीचं पाणी अठ्ठावीस अंश. एक लिटर पाणी एक अंश तापायला ४.१८ किलोज्यूल लागतात, तर वीस लिटर पाणी अठ्ठावीसवरून साठपर्यंत जायला लागतात २६७५ किलोज्यूल. सव्वा किलोवॅटने भागा, पस्तीस मिनिटं. म्हणजे पाऊण तासाच्या आतच बादलीतलं पाणी साठ अंशांच्या वर, आणि गवती चहाला तर दीड-दोन तास वाफ द्यावी लागते. वहिनी मग मगाने गार पाणी ओतायची, ते वरून, आणि बादली काठोकाठ असल्यामुळे ओतलेल्यातलं बरंचसं गार पाणी तसंच काठावरून बाहेर. पाणी वाया आणि बादली तापलेलीच.

ह्यातून एक सोपा हिशेब निघतो तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. थंड करायचं पाणी तीस अंशांनी तापू द्यायचं असेल तर बाटलीत येणाऱ्या प्रत्येक लिटरमागे वीस लिटर पाणी कंडेन्सरमधून गेलं पाहिजे. कॉइल सोन्याची केली तरी हा आकडा बदलत नाही. आमच्या प्रकरणात तासाला १.८ लिटर, म्हणजे तासाला छत्तीस लिटर पाणी. आणि मगाने ओतून काम का होत नव्हतं ते इथे दिसतं.

लांबीचा प्रश्न राहिला. स्थिर पाण्यात बुडवलेली तांब्याची कॉइल, आत पाण्याची वाफ, ह्या जोडीला चौरस मीटरमागे, तापमानातल्या एका अंशाच्या फरकामागे साधारण ३०० ते ६०० वॅट उष्णता पार जाते. ४०० धरू. वाफ शंभरवर, बाहेरचं पाणी अठ्ठावीस ते अठ्ठावन्न, फरक सरासरी पंचावन्न अंश. १२६० वॅट काढायला लागतं ०.०६ चौरस मीटरच्या आत क्षेत्रफळ. दोन सूत पाईपचा बाहेरचा घेर दोन सेंटिमीटर, म्हणजे तीन मीटर पाईप पुरे. ऐका, तीन मीटर! पाणी गार असेल तेव्हा वहिनीच्या पंधरा मीटरातले पहिले तीन मीटर सगळं काम करत होते आणि उरलेले बारा मीटर नुसता अडथळा. आणि पाणी गरम झालं की पंधराच्या पंधरा मीटर एकसारखे निरुपयोगी, कारण साठ-सत्तर अंशांच्या पाण्यात बुडवलेल्या पाईपमधून साठ-सत्तरच्या खालचं पाणी बाहेर येईलच कसं.

आणि अडथळा म्हणजे केवढा ते बघा. वाफ पाण्याच्या मानाने फार जागा घेते, एक किलो वाफ शंभर अंशांना १.६७ घनमीटर. तासाला १.८ किलो म्हणजे सेकंदाला ०.८ लिटरपेक्षा थोडी जास्त वाफ. दोन सूत एसी पाईप बाहेरून सहा मिलिमीटरच्या वर असला तरी आतून पाचच्याही खाली असतो. त्यातून एवढी वाफ जायची तर वेग सेकंदाला पंचेचाळीस मीटर, ताशी दीडशे किलोमीटरच्या वर. एवढ्या वेगात ती भिंतीवरचं पाणी आणि तेल ओरबाडत, फेसाळत पुढे नेते, तेलाचे बारीक बारीक थेंब पाण्यात मिसळतात आणि मग तुम्हाला मिळतं ते दुधाळ पाणी ज्यातून तेल दिवसभर ठेवलं तरी नीट वर येत नाही. हाच पाईप चार सूत घेतला तर आतला व्यास अकरा मिलिमीटर, आणि वेग सेकंदाला आठ-नऊ मीटर. पाईप फक्त दुप्पट जाड, वेग पाचव्या हिश्शावर.

मेकॅनिकला मी दोष देणार नाही. त्याच्या धंद्यात मागे कॉम्प्रेसर असतो, तो गॅस ढकलतो, बारीक लांब पाईप तिथे बरोबरच आहे. इथे ढकलायला काय आहे, तर कणकेने बंद केलेलं झाकण.

तिसरा दोष कॉइल बादलीतून वर काढल्यावर दिसला. वेढे प्लास्टिकच्या पट्ट्यांनी एकमेकांना करकचून बांधलेले आणि काही वेढे एका बाजूने खाली लोंबलेले, म्हणजे पाईप खाली जातो, मग थोडा वर येतो, मग परत खाली. प्रत्येक खोलगट जागी पाणी साचतं. मागून वाफ येते, ती त्या पाण्याला अडते, दाब वाढतो, मग एकदम ते पाणी पुढे फेकलं जातं, पुढच्या खोलगटात अडतं. फट-फट आवाज येत होता तो हाच. आणि तो दाब मागे पातेल्यात पोचतो म्हणून कणीक सुटते. पंधरा मीटर पाईप एवढ्याशा बादलीत बसवायचा म्हणजे वेढे एवढे होतात की प्रत्येकाला उतार देता येतच नाही, लांबीच इथे उताराच्या मुळावर उठली.

इथे थोडं विषयांतर करतो. कनौजची अत्तरवाली मंडळी आजही देग-भपका वापरतात, त्यात कॉइल नावाचा प्रकारच नाही. उकळायला तांब्याची देग, नळी म्हणून बांबूचा चोंगा, आणि पाण्यात बसवलेलं तांब्याचं भांडं तो भपका, वाफ त्यातच पाणी होते. पाणी तापलं की बदलायचं, एवढ्यावर सगळं. गोव्यात फेणीच्या जुन्या भट्ट्यांमध्येही वाफ नळीतून थेट दुसऱ्या मडक्यात जायची आणि त्या मडक्यावर गार पाणी ओतत बसायचे, पाण्याच्या टाकीत कॉइल बुडवायची पद्धत नंतरची. (काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तिथे ते परवाना घेऊन चालतं, म्हणून उदाहरण देतोय.) सांगायचा मुद्दा, पिढ्यान्पिढ्या हे काम करणाऱ्यांचं सगळं लक्ष पाण्यावर. आपण घरी करायला गेलो की सगळं लक्ष पाईपवर, कारण पाईप दुकानात मिळतो आणि दिसायला भारी दिसतो.

मग नवीन कॉइल. चार सूत मऊ तांबं, एसीच्या सामानाच्या दुकानात फुटावर मिळतं. घेर चार सेंटिमीटर, वरच्या हिशेबाने दीड मीटर पुरतो, पण पाणी पस्तीसपर्यंत गार करायला शेवटचा भाग लागतो आणि वहिनी गॅस कमी ठेवेल ह्याची खात्री नाही म्हणून दुप्पट घेतलं, दहा फूट. दुकानदाराने विचारलं पंधरा मीटरचं बंडल का नाही घेत, स्वस्त पडेल.

वळवणं हा खरा हाताचा भाग आहे. मऊ तांबं असलं तरी रिकामा पाईप वळवला की चपटा होतो किंवा मुरगळतो, आणि एकदा मुरगळला की तिथे पाणी अडणार. आत काहीतरी भरावं लागतं. बरेच लोक वाळू भरतात, ती चालते पण चार कण आत चिकटून राहतात आणि नंतर तेलात येतात. आम्ही मीठ भरलं, ते पाण्याने धुऊन जातं. पण कोकणातलं मीठ, ते पिशवीतच ओलं, म्हणून तव्यावर कोरडं होईपर्यंत भाजलं, पूर्ण गार होऊ दिलं, एका टोकाला लाकडाची खुंटी ठोकली आणि पाईप उभा धरून बाहेरून लाकडाने ठोकत ठोकत भरलं. ठोकणं टाळायचं नाही, मीठ बसत जातं आणि वर अजून जागा होते, जिथे पोकळी राहिली तिथेच पाईप चपटा होणार. दुसरं टोकही खुंटीने बंद. आणि दोन्ही टोकं बंद असताना पाईपला गॅसचा टॉर्च लावून तापवायचं नाही, आत थोडी ओल असली तरी वाफ होऊन खुंटी गोळीसारखी उडते.

साच्याला सहा इंची पीव्हीसी पाईपचा तुकडा, बाहेरून १६० मिलिमीटर. एकाने पाईप धरायचा, दुसऱ्याने तांबं ओढून धरत सावकाश फिरवायचं. पाच वेढे झाले आणि दोन्हीकडे थोडा सरळ पाईप उरला. चार इंचीवर वळवता आलं असतं, वेढे जास्त झाले असते, पण वेढा मोठा असला की वळवायला सोपा आणि उतार राखायलाही सोपा. एकदा वळवलेलं तांबं कडक होतं हे लक्षात ठेवा, नाही आवडलं म्हणून सरळ करून परत वळवायला गेलात की चीर जाते. साचा काढल्यावर कॉइल थोडी उसळून सैल होते ते चालायचंच.

मीठ लगेच धुवायचं, तांब्यात मीठ आणि ओल राहिली की हिरवं धरतं. मग गरम पाण्यात लिंबूसत्त्व घालून आतून धुतलं, म्हणजे कारखान्यातला तेलकटपणा आणि काळपट थर जातो, परत साधं पाणी. भट्टीवर पहिला घाणा नुसत्या पाण्याचा काढला आणि सगळा फेकला.

उतारासाठी बांबूच्या तीन कामट्या घेतल्या, प्रत्येकीला चार-चार सेंटिमीटरवर खाचा, पण तिन्हींच्या खाचा एका पातळीत नाही, पाईप फिरत जाईल तसा तो उतरत जाईल अशा थोड्या थोड्या खाली. वेढे त्या खाचांत बसवून तांब्याच्या तारेने बांधले. डोळ्याला झकास दिसत होतं. पण डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, कॉइल बादलीत जशी बसणार तशी उभी धरून वरच्या तोंडातून पेलाभर पाणी मोजून ओतायचं आणि खालून किती येतं ते मोजायचं. दोनशे मिलिलिटर ओतलं, एकशे सत्तर आलं. म्हणजे तीस कुठेतरी बसलं होतं. एकेक वेढा किंचित उचलून बघितला, तिसरा उचलल्यावर भसकन बाहेर आलं. तिथली तार सोडून परत बांधली, मग दोनशेला दोनशे, चार थेंब इकडेतिकडे. ही चाचणी केल्याशिवाय कॉइल बादलीत घालू नका असं मी तरी प्रत्येकाला सांगतो.

जोडणीत फार काही नाही. बादलीच्या तळाजवळ भोक, दोन्ही बाजूंनी रबरी वायसर लावून ब्रासचं फिटिंग, त्यातून कॉइलचं खालचं तोंड बाहेर. कॉइलचं खालचं तोंड बादलीच्या काठावरून वर काढून बाहेर सोडणारे लोक बघितलेत, भोक पाडायचा कंटाळा, पण मग सगळी कॉइल पाण्याने भरून राहते आणि वरचा सगळा उतार वाया. डाग द्यायचा असेल तर शिसं नसलेल्या सोल्डरने किंवा चांदीच्या काडीने, जुनं शिशाचं सोल्डर अशा कामात नको. आम्ही डाग दिलाच नाही, सगळं नट-फिटिंगवर. झाकणापासून कॉइलपर्यंत खाद्यपदार्थांना चालणारी सिलिकॉनची नळी, जमेल तेवढी आखूड. साधी रबरी किंवा पीव्हीसीची नळी गवती चहाच्या तेलाने फुगते आणि तिचा वास तेलाला लागतो.

पाण्याची बाजू मात्र पूर्ण बदलली. अंगणात चिऱ्याचा कट्टा आहे, त्यावर दोनशे लिटरचा निळा ड्रम, त्यातून अर्ध्या इंची पाईप कॉकसकट बादलीच्या तळाशी. गार पाणी खालून शिरतं, गरम पाणी वरच्या पाऊण इंची नळीने बाहेर. बाहेर जायची नळी आत येणाऱ्यापेक्षा मोठी ठेवायची, नाहीतर बादली उतू जाते. वाफ वरून खाली येते, पाणी खालून वर जातं, म्हणजे अगदी शेवटी बाहेर पडणाऱ्या तेलाला सगळ्यात गार पाणी भेटतं. छत्तीस लिटर तासाला म्हणजे एक लिटरचा जग शंभर सेकंदांत भरेल एवढीच धार, वहिनीला ती बघून हसूच आलं. एवढ्याशा धारेने काय होणार? पण मगाने ओतलेल्या बादल्याच्या बादल्यांनी जे होत नव्हतं ते ह्या धारेने होतं, कारण ती कुठे जायला हवी तिथे जाते.

दोन तासाला सत्तर-बाहत्तर लिटर पाणी, पन्नास-पंचावन्न अंशांचं. ते टपात जमा होतं, आंघोळ, भांडी, आणि गार झाल्यावर माडांच्या बुडात. मे महिन्यात विहीर तळाला गेल्यावर तेही परवडत नाही, तेव्हा गरम पाणी परत ड्रममध्येच सोडायचं, कूलरमधला छोटा पंप लावून. दोनशे लिटर पाणी दोन तासांत अकरा अंशांनीच तापतं, अठ्ठावीसचं एकोणचाळीस होतं, चालून जातं. रात्रभरात परत गार. (आमच्याकडे जांभ्या दगडातलं पाणी मऊ आहे म्हणून हे सोपं. देशावर बोअरच्या पाण्यावर कुणी करत असेल तर कॉइलवर बाहेरून पांढरा थर बसेल, तो अधूनमधून लिंबूसत्त्वाने काढावा लागेल, नाहीतर उष्णता पार जायची बंद होते.)

पहिला खरा घाणा चार किलो गवत, सकाळी कापून, संध्याकाळपर्यंत सावलीत सुकवलेलं, बोटभर तुकडे. पाणी जाळीच्या खाली, गवत वर. गॅस मोठा करून उकळी आणली आणि धार सुरू झाल्यावर मध्यम. बाटलीत पडणारी धार सुतासारखी, अखंड, छत्तीस-सदतीस अंशांची. फट-फट नाही. कणीक जागेवर. वहिनी दोनदा आत जाऊन गॅस चालू आहे ना ते बघून आली, कारण घरात वासच नाही.

तेल निघालं बारा-चौदा मिलिलिटर, आधी पाच व्हायचं नाही. पिवळंधमक, आणि पाणी स्वच्छ, तेल आपोआप वर. गवती चहाचं तेल पाण्यापेक्षा हलकं, घनता ०.८९ च्या आसपास, त्यामुळे खाली तोटी असलेली बाटली असेल तर पाणी खालून सोडून द्यायचं की झालं. धार फार गार करायची हावही करू नये, पस्तीस-चाळीस अंशांना तेल पाण्यापासून चांगलं सुटतं.

दाबाबद्दल थोडं सांगायलाच हवं. अशी भट्टी बंद भांडं नाही, कॉइलचं तोंड कायम उघडं असतं, आणि तेच तिचं संरक्षण. गवताचा पाला उकळत वर येऊन झाकणाच्या निपलात अडकला तर मात्र ती बंद भांडं होते. म्हणून गवत निपलापासून चार बोटं खाली, आणि निपलाच्या आतल्या बाजूला स्टीलची जाड जाळी. झाकण क्लॅम्पने आवळायचा सल्ला वहिनीला कुणीतरी दिला होता, मी साफ नाही म्हटलं. कणीक आहे तेच बरं, काही अडलं तर आधी कणीक सुटेल, वाफ जाईल, कुणी भाजणार नाही. प्रेशर कुकरची शिटी काढून तिथे नळी लावणारेही आहेत, त्यांच्या कुकरचं झाकण अडकलेल्या पाल्याने कसं वागेल ह्याचा विचार त्यांनी करावा.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. तिसऱ्या-चौथ्या घाण्याला बाटलीच्या पहिल्या पाण्यात किंचित हिरवट झाक दिसली. दोन घाण्यांच्या मधे कॉइल आतून ओली राहते, हवा लागते, तांब्याचे क्षार धरतात आणि पुढच्या वेळच्या पहिल्या पाण्यात उतरतात. घाणा संपल्यावर पाच मिनिटं नुसती वाफ सोडायची, मग पाणी काढून टाकून गरम कॉइल तशीच सुकू द्यायची, आणि पुढच्या वेळचा पहिला पेलाभर अर्क टाकून द्यायचा, ह्याने झाक दिसेनाशी झाली. पण दिसेनाशी झाली म्हणजे गेली असं मी समजत नाही, आणि वहिनीला तो अर्क चेहऱ्यावर मारायच्या पाण्यात वापरायचाय. शिवाय गवती चहाच्या तेलात सत्तर-ऐंशी टक्के सिट्रल (लिंबासारखा वास देणारा घटक) असतं, ते धातू आणि हवा लागून खराब होतं, तेल काळपटतं. सध्या तेल साबणात, अर्क लादी पुसायला, आणि तेल गडद बाटलीत काठोकाठ भरून.

पुढची कॉइल स्टीलची करायची ठरलंय. स्टीलमधून उष्णता तांब्याच्या विसाव्या हिश्शानेही जात नाही म्हणून बरेच जण घाबरवतात, पण पाईपची भिंत पाऊण-एक मिलिमीटर, खरा अडथळा बाहेरच्या स्थिर पाण्याचा असतो, हिशेब केला तर फरक दोन-तीन टक्क्यांचा निघतो. त्रास आहे तो वळवण्याचा, स्टील हाताने मिठावर वळत नाही, कुडाळच्या एमआयडीसीत फॅब्रिकेटरकडे रोलरवर करून घ्यावी लागेल. गीझरला लावतात तो वळ्यावळ्यांचा लवचिक स्टील पाईप वापरू का असं भावाने विचारलं, तो नको, त्याच्या प्रत्येक वळीत पाणी आणि तेल बसून राहतं. फॅब्रिकेटरला द्यायचा कागद वहिनीने स्वतः लिहिलाय: ३०४ स्टील, चार सूत, दहा फूट, पाच वेढे, दोन वेढ्यांत चार सेंटिमीटर, आणि खाली दोनदा अधोरेखित करून, पेलाभर पाणी ओतून दाखवल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत.